पहिल्याच ‘नको’ला गेलेलं टेबल

कराज, मंगळवार
(वीज जायला अजून पाऊण तास आहे, तेवढ्यात होईल तेवढं लिहितो)

माझ्या डोळ्यांचा उजेड, आदरणीय फरामर्जदादा,

तुमची सावली आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरून कधी हलू नये आणि तुमच्या पायांखालची माती आमच्या कपाळाला लागत राहावी, हीच रोजची प्रार्थना. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला फोनवर म्हणालात की डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असं बजावलंय, आणि तुमचं बिऱ्हाड तर तिसऱ्या मजल्यावर. मग तुम्ही आता खाली अडकलात की वर, हे विचारायचं माझं राहूनच गेलं. मेहरांगीझवहिनींना सांगा, काशानचं गुलाबपाणी पोचलं. (अर्धं आमच्या हिनं, शहलानं, गिऱ्हाइकांच्या केसांवर उडवलं, पण ते वहिनींना सांगू नका.) आमच्याकडे सगळे मजेत आहेत. माझी कंबर सोडली, मान सोडली आणि झोप सोडली तर माझीही तब्येत उत्तम आहे.

घरात फोन असताना हा शहाणा पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटलं असेल. दादा, या महिन्यात मी तुम्हाला तीनदा फोन केला. एक गोष्ट सांगायची होती म्हणून केला. पहिल्यांदा तुम्ही माझी तब्येत विचारलीत, मी तुमची विचारली, तुम्ही शहलाची, मी वहिनींची, मग तुमच्या जावयाची, त्याच्या आईची, आणि अशी चाळीस मिनिटं गेल्यावर तुम्ही म्हणालात, “काही काम होतं का रे बीजन?” मी म्हणालो, “छे छे दादा, नुसता आवाज ऐकायला केला.” दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर ‘आधी तुम्ही ठेवा’, ‘नाही, आधी तू ठेव’ यातच पंधरा मिनिटं गेली, आणि तेवढ्यात लाईनच तुटली. तुमच्यापुढे माझी जीभ लुळी पडते. कागदावर निदान समोरचा मधे आग्रह करत नाही. तेव्हा ती गोष्ट सांगतो, पण क्रमानं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं की बीजनला माणसांत कसं बोलावं ते कळत नाही.

आता हे तारोफ, ही आग्रह-नकाराची रीत, आपल्या रक्तात किती मुरलंय ते तुम्हाला मी काय सांगणार? टॅक्सीवाला म्हणतो, “राहू द्या साहेब, तुमच्याकडून काय घ्यायचं!” आपण म्हणतो, “छे, असं कसं.” तो म्हणतो, “खरंच नको.” आपण पुन्हा नोट पुढे करतो, आणि तिसऱ्या खेपेला तो घेतो. दोघांनाही ठाऊक असतं की तो घेणार आहे. पहिल्याच ‘नको’ला कुणी पाकीट खिशात घातलं, तर तोच टॅक्सीवाला गाडी सोडून त्याच्यामागे चौकभर पळेल. (एक जर्मन पाहुणा आला होता, त्याच्यामागे खरंच पळाला होता.) तीनदा आग्रह, दोनदा नकार, मग होकार. हा हिशेब आपल्याला आईच्या मांडीवर शिकवला जातो. पण हा हिशेब कॉम्प्युटरला कुणी शिकवलेला नाही, आणि माझा घात तिथेच झाला.

झालं असं. आमच्या विमा कंपनीनं तेहरानमधले तीन मजले सोडले आणि एका इमारतीत एकच दालन घेतलं. माणसं तेवीस, टेबलं नऊ. बाकीच्यांनी आपापल्या घरून फाइली तपासायच्या. (फाइली म्हणजे काय, कुणाची गाडी कुणावर आदळली आणि आधी कोण म्हणालं की चूक माझी नाही, एवढंच असतं त्यात.) टेबलं वाटायला आमच्या तवक्कोलीसाहेबांनी कॉम्प्युटरवर सभा घेतली. त्यांना सगळे इंजिनियरसाहेब म्हणतात. ते इंजिनियर नाहीत, पण गेली तीस वर्षं कुणी तसं बोलून दाखवलेलं नाही. सगळ्यांत जुना म्हणून त्यांनी आधी मलाच विचारलं, “बीजनजान, खिडकीजवळचं टेबल तुमचं. बोला, घेता ना?” दादा, त्या टेबलाशेजारीच चहाची खोली आहे. मला ते हवं होतं. म्हणून मी छातीवर हात ठेवला, मान वाकवली आणि म्हणालो, “अहो इंजिनियरसाहेब, मी कोण लागून गेलो! तरुणांना द्या. आम्ही काय, घरातल्या कोपऱ्यात बसूनही फाइली बघू.” हा झाला पहिला नकार. आता त्यांनी दुसऱ्यांदा आग्रह करायचा होता. त्यांनी तोंडही उघडलं होतं. आणि त्या उघड्या तोंडासकट चित्र गोठलं.

अकरा मिनिटं ते तोंड तसंच उघडं होतं. अकरा मिनिटं मी छातीवर हात ठेवून बसलो होतो, न जाणो अचानक चालू झालं तर बरं दिसावं म्हणून. लाईन परत आली तेव्हा सभा संपत आली होती. माझं टेबल आरवीनला गेलं होतं. आरवीन म्हणजे आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लागलेला पोरगेला माणूस, हुशार आहे, वाईट नाही, पण त्याला विचारलं “हवंय का?” तर तो म्हणतो “हो.” नुसतं “हो”! असं बोलतात का माणसं? आणि माझ्या नावापुढे यादीत लिहिलं होतं, ‘घरून. स्वेच्छेने.’

नंतर सांगायचं होतंस की, असं तुम्ही म्हणाल. काय सांगू? की साहेब, मी ‘नको’ म्हणालो तो पहिलाच ‘नको’ होता, तुम्ही आणखी दोनदा विचारायला हवं होतं? भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. आणि खोटं कशाला बोलू, पहिला आठवडा मला बरंही वाटलं. चोवीस वर्षं मी या जाण्यायेण्याला शिव्या घातल्या आहेत. पहाटे चौकात उभं राहायचं, चार माणसं जमेपर्यंत टॅक्सी हलायची नाही, मग मागच्या सीटवर तिघांत मधला मी, एकाचं कोपर बरगडीत आणि दुसऱ्याची झोपलेली मान खांद्यावर, कराज ते तेहरान हमरस्त्यावर दीड तास, संध्याकाळी पुन्हा दोन. आता पलंगापासून टेबलापर्यंत चार पावलं. शहला म्हणाली, “बरं झालं बाई, तुमचे हाल तरी संपले.” मीही म्हणालो, बरं झालं. दोघांनीही एकेकदाच म्हटलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आता शहलाचं सांगतो. तुम्हाला आमची बैठकीची खोली आठवते ना? तिथे आरशासमोर ती वरखाली होणारी खुर्ची आहे, जिच्यात तुम्ही गेल्या नवरोझला बसून गोल फिरलात आणि मग तुम्हाला गरगरलं. ती शहलाची खुर्ची. सकाळी नऊ ते चार ती खोली माझी कधीच नव्हती. गल्लीतल्या बायका येतात, दाराशी बुरख्या-स्कार्फांचा ढीग पडतो, केस मोकळे होतात, कुणी कापून घेतं, कुणी रंगवून घेतं, आणि कुणी नुसतीच चहा पीत सासूबद्दल बोलायला येते. एकोणीस वर्षं चाललंय हे. बायकांना तिथे यायला आवडतं ते शहलाच्या हातासाठी, आणि त्या घरात दिवसा पुरुष नसतो यासाठी. दुकानाची पाटी म्हणाल तर तीच. आणि आठ महिने झाले, मी त्या घरात दिवसा असतो.

आम्ही नियम केले. मी झोपायच्या खोलीत, दार बंद. बाहेर यायचं असेल तर आधी दारावर टकटक, मग मोठ्यानं “या अल्लाह!” म्हणायचं, मग दहा आकडे मोजायचे, म्हणजे तेवढ्यात बायकांना डोकं झाकता येईल. संडास बैठकीच्या खोलीपलीकडे आहे. (हे घर घेताना तुम्हीच म्हणाला होतात, नकाशा चांगला आहे. राग नाही, नुसतं आठवण करून देतो.) पहिले काही दिवस ठीक गेले. मग एका रविवारी, आठवड्याच्या दुसऱ्याच कामाच्या दिवशी, कॉम्प्युटरवर सभा होती, दीड तास झाला होता, मी चार पेले चहा प्यालो होतो आणि आता जीव कासावीस झाला होता. बाहेर गल्लीतल्या तूबाखानुम खुर्चीत होत्या. त्यांच्या केसांना वांग्याच्या रंगाचा रंग लावलेला, तो चाळीस मिनिटं धुवायचा नाही. मी मोजून तीस मिनिटं कळ काढली. मग दाराशी गेलो, टकटक केलं आणि पोटातून ओरडलो, “या अल्लाह!”

दादा, माझा माईक चालू होता.

आता तुम्ही तिथे असता तर तुम्हीही तेच केलं असतंत. दारातून असा आवाज आला की कुणी मोठं माणूस आत येतंय, एवढं आपल्याला कळतं, आणि डोळ्यांनी बघायच्या आत आपले पाय उभे राहतात. इंजिनियरसाहेबांना वाटलं, कंपनीचे अध्यक्ष आले. साहेब स्वतः त्या दिवशी घरूनच होते. ते छातीवर हात ठेवून ताडकन उठले. साहेब उठले म्हणून सगळे उठले. कमरेच्या वर कोट, इस्त्रीचे शर्ट, एकाचा तर लग्नातला कोट, आणि कमरेच्या खाली आपापल्या पट्ट्यापट्ट्यांच्या घरच्या विजारी. इंजिनियरसाहेबांच्या विजारीला उजव्या गुडघ्यावर वेगळ्या कापडाचं ठिगळ होतं. (शिवण चांगली होती म्हणे. बायकोनं घातलं असावं.) रहमतीबाई तेवढ्या उठल्या नाहीत, त्या एकट्या शहाण्या. मला यातलं काही ठाऊक नाही, मी आपला दाराशी मोठ्यानं मोजतोय, एक, दोन, तीन, आणि सगळे उभे. दहा झाल्यावर मी दार उघडून निघून गेलो. हे सगळं आरवीननं मला नंतर सांगितलं, ते आणखी किती वेळ उभे होते हेही सांगितलं, पण ते मी विसरायचा प्रयत्न करतोय.

तिकडे बाहेर काय झालं? तूबाखानुम घाबरून उठल्या, हाताला लागला तो स्कार्फ ओढला आणि डोक्यावर घेतला. तो त्यांचाच होता, मशहदहून आणलेला, पांढरा, रेशमी. वांग्याचा रंग त्याच्यात असा उतरला की आता तो शहलाच्या लादी पुसायच्या बादलीत आहे. मी मान खाली घालून हजारदा माफी मागितली. त्या म्हणाल्या, “अहो बीजनआगा, स्कार्फाचं काय, तुमच्यावरून ओवाळून टाकला.” इतकं गोड बोलल्या की मला रडू आलं. त्या दिवसापासून तूबाखानुम आमच्याकडे आलेल्या नाहीत. आणि इंजिनियरसाहेब त्या दिवसापासून माझ्याशी फक्त ‘फाइल मिळाली’ एवढंच लिहितात. टेबलाचा विषय काढायचा तर त्यांच्याशीच काढायला हवा, आणि मी तोंड उघडलं की त्यांना स्वतःची विजार आठवणार. सांगताही येत नाही आणि सोसताही येत नाही, अशी माझी गत झाली आहे.

मग मी ठरवलं, घरात बसायचंच नाही. आपली जुनी पांढरी गाडी गल्लीत उभी असते, चालत नाही पण दारं नीट लागतात. तिच्यात जाऊन बसलो, स्टिअरिंगवर कॉम्प्युटर टेकवला. पहिल्या दिवशी समोरचे असगरआगा चहा घेऊन आले आणि म्हणाले, “घरी चला, इथे का बसलात?” मी म्हणालो, नको, त्रास कशाला. तीनदा त्यांनी बोलावलं, तीनदा मी नाही म्हटलं. मग वरच्या मजल्यावरचे आले. मग शिंपी. दुपारपर्यंत अकरा माणसांना तीन-तीनदा नकार देऊन माझा घसा बसला आणि फाइल एकही झाली नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीत पक्कं झालं की शहलानं बीजनला घराबाहेर काढलंय.

त्या गुरुवारी दुपारी गल्लीतल्या तीन पांढऱ्या दाढ्या मलईच्या मिठाईचा डबा घेऊन आमच्या दारात. समेट घडवायला! मधोमध हाजी सादिक. ते आले ते थेट शहलाच्या खुर्चीत बसले (खुर्ची हळूहळू खाली जात होती, ते बोलत होते आणि बोलता बोलता बुडत होते) आणि संसारात दोन भांडी एकत्र आली की आवाज होणारच, असं तासभर सांगत राहिले. मी म्हणालो, हाजीआगा, आमचं भांडण नाहीच. ते म्हणाले, “सगळे असंच म्हणतात बाळ.” शहलानं सांगितलं, खरंच नाही हो. ते म्हणाले, “बघा, किती गुणाची पोरगी आहे, अजून पांघरूण घालतेय.” शेवटी त्यांनी जावं म्हणून आम्हाला न झालेलं भांडण मिटवावं लागलं. मी हाजींच्या कपाळाचं चुंबन घेतलं, शहलाची सगळ्यांसमोर माफी मागितली, काय केल्याबद्दल ते कुणालाच माहीत नव्हतं. शहलानं चहा दिला. आणि त्याच दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या लग्नघरच्या तिघी मावश्या केस करून घ्यायला येणार होत्या. त्या जिन्यापर्यंत आल्या, दाराबाहेर पुरुषांचे तीन जोड बूट बघितले आणि आल्या पावली परत गेल्या. दुसरीकडे करून घेतले त्यांनी. लग्नात सगळ्यांनी बघितले ते.

आता दिवसाला एखादी बाई येते, तीही मुलीच्या केसांची टोकं कापून घ्यायला, आणि दाराकडे बघत बसते. एरवी खुर्ची रिकामी. शहला आरसा पुसते, कात्र्या तेलात बुडवून ठेवते, पुन्हा आरसा पुसते. गल्लीतली बातमी आधी आमच्याकडे यायची. कुणाची मुलगी बघायला कोण आलं, कुणाची सून माहेरी गेली, सगळं. परवा ती मलाच विचारत होती, “काय हो, काही नवीन?” माझ्याकडे काय नवीन? मी तिला एका बंपरची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेतली तिनं. मग म्हणाली, “तुम्ही घरी असलात की घराला घरपण वाटतं.” दादा, सव्वीस वर्षं झाली लग्नाला. मला काही कळत नाही असं नाही. मी विचारलं, “माझा त्रास होतो का गं?” ती म्हणाली, “छे, त्रास कसला!” मी पुन्हा विचारायला हवं होतं. तीनदा विचारायचं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी एकदाच विचारलं, कारण तिसऱ्यांदा ती काय म्हणेल याची मला भीती वाटली.

थकलोय दादा. टॅक्सीत थकायचो तो थकवा वेगळा होता, तो उशीवर डोकं टेकलं की उतरायचा. हा दिवसभर घरात बसून येणारा थकवा कुठे उतरवायचा तेच कळत नाही. मला त्या मधल्या सीटचीही आठवण येते म्हटलं तर हसाल. पण त्या दीड तासात माझ्याकडे कुणी काही मागत नव्हतं आणि मलाही कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. आणि ऑफिसात आपला चहावाला माशाल्लाकाका! चोवीस वर्षं तो न विचारता पेला ठेवायचा आणि न विचारता उचलून न्यायचा. ‘घ्या ना’ नाही, ‘नको हो’ नाही. या देशात माझ्याशी असं वागलेला तो एकटाच माणूस. इथे मला चहा हवा असला तर आधी टकटक, मग या अल्लाह, मग दहा आकडे.

असो. कागद संपत आला आणि वीजही जाईल आता. तुम्हाला उगाच त्रास दिला. हे सगळं सहज म्हणून लिहिलं, मनावर घेऊ नका. आम्ही सुखात आहोत, मागणं काहीच नाही, तुमची कृपा आहे तेवढी पुष्कळ. गुडघ्याला जपा. वहिनींच्या हातांना माझे डोळे लावले आहेत म्हणून सांगा.

तुमच्या उंबऱ्यावरची धूळ,
बीजन

ता. क. लिहू की नको असा विचार करत होतो. तुमची आणि तवक्कोलीसाहेबांची पलटण एकच होती ना? दोघांनी एका तंबूत दीड वर्ष काढलं आणि तुम्ही त्यांना साप चावण्यापासून वाचवलं होतं, असं तुम्ही सांगता. (ते सांगतात, त्यांनी तुम्हाला वाचवलं. ते जाऊ द्या.) त्यांना सहज एक फोन कराल का? बीजनला टेबल हवं आहे, एवढंच सांगायचं. खिडकीजवळचं नसलं तरी चालेल. टेबल नसलं, नुसती खुर्ची असली तरी चालेल, मी फाइल मांडीवर घेईन. मी ऑफिसला गेलो तर शहलाच्या बायका परत येतील. तुम्हाला अवघड वाटत असेल तर अजिबात करू नका. पण हे मी असंच म्हटलं. करा. दादा, करा फोन.

दुसरा ता. क. (बुधवार, दुपार) हे पत्र काल टाकायचं राहिलं, आणि आज काय झालं ते ऐका. तवक्कोलीसाहेबांचा स्वतःहून फोन आला. आरवीनचं लग्न ठरलंय, मुलगी शिराझची, तो आता तिकडे राहून काम करणार. साहेब म्हणाले, “बीजनआगा, खिडकीजवळचं टेबल रिकामं झालंय. शनिवारपासून, नव्या आठवड्यापासून, येता का?” तुम्हाला खोटं वाटेल, पण माझा हात छातीवर माझ्या परवानगीशिवाय गेला. आणि माझं तोंड म्हणालं, “अहो साहेब, मी कसला! कुणा लायक माणसाला द्या.” मी थांबलो. दुसऱ्या आग्रहाची वाट बघत होतो, लाईनही चांगली स्पष्ट होती. साहेब म्हणाले, “बरं. मग रहमतीबाईंना विचारतो.” आणि ठेवला. बहुतेक आरवीनच्या संगतीत दोन वर्षं काढल्याचा परिणाम. मी वळून बघितलं तर शहला दारात उभी. हातात कात्री, आणि कापायला कुणी नाही.

तिसरा ता. क. (बुधवारच, थोड्या वेळानं) पहिली विनंती रद्द समजा. शहलानं माझ्या हातातून फोन घेतला, साहेबांना लावला आणि, दादा, माझ्या बायकोला मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, “इंजिनियरसाहेब, ते शनिवारी येतायत. त्यांच्या ‘नको’कडे लक्ष देऊ नका, तो आजार आहे.” साहेब काहीतरी म्हणाले, मग बराच वेळ हसले, मग बहुतेक विजारीबद्दल काहीतरी म्हणाले, कारण शहलाही हसली. मग तिनं मला खुर्चीत बसवलं. “या अवतारात जाणार का ऑफिसला?” म्हणाली आणि मशीन लावलं डोक्याला. आठ महिन्यांत त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसलो. इतकं बरं वाटलं की धीर आला, आणि मी आरशातून तिला विचारलं, “मी गेलो की दिवसभर सुनंसुनं वाटेल ना गं तुला?” ती म्हणाली, “नाही.” मी दुसऱ्यांदा विचारलं. ती मशीन न थांबवता म्हणाली, “नाही म्हटलं ना.” मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तेवढ्यात वीज गेली.

आता मी अर्धं डोकं कापलेला, कागद गुडघ्यावर ठेवून हे लिहितोय. वीज यायला दोन तास आहेत. ती आत जाऊन पडली असती तरी चाललं असतं, पण गेली नाही, मागेच उभी आहे, एक हात माझ्या खांद्यावर आहे, आणि मी काय लिहितोय ते बघायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसतंय. आता तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत होत नाही. तेवढं तुम्ही विचारून बघाल का दादा? आणि ती काय म्हणाली ते मला पत्रानं कळवा. फोनवर नको. (हा ‘नको’ खरा आहे.)